पिंपाच्या प्रदक्षिणा

लंकाबाईनं पिंपावर नारळ फोडला त्या सकाळपासून गाडेकरांच्या घरात दोन तट पडले. त्याआधी घरात एकच तट होता आणि तो सगळाच्या सगळा पिंपाच्या विरुद्ध होता, त्यामुळे शांतता होती.

पिंप डांबराचं. रस्त्याच्या दुष्काळी कामावर रिकामं झालेलं, मुकादमाकडून मागून आणलेलं, आत दगड भरून अंगणाच्या मधोमध उभं केलेलं. त्याच्या डोक्यावर भाकरीच्या घेराची, चांगली दोन बोटं जाडीची काच बसवलेली. त्या काचेवर तशीच दुसरी. आणि दुसरीवर दोन्ही पंजे ठेवून भीमाबाईचा धाकटा दीर कानिफनाथ श्रावणापासून पिंपाभोवती फिरत होता. काच पुढं ढकलायची, मागं ओढायची, जराशी वळवायची, एक पाऊल सरकायचं. मधूनच वाळूसारखी काळी पूड आणि पाण्याचे चार थेंब सोडायचे, की पुन्हा ढकलायची. सकाळचा चहा झाला की सुरू, ऊन डोक्यावर आलं की बंद.

श्रावण कोरडा गेला. भादवा कोरडा गेला. अशा दिवसांत एक साठी उलटलेला, बायको वारलेला, भरपूर शिकलेला माणूस रोज आंघोळ करून, अनवाणी, तोंडातून चकार शब्द न काढता पिंपाला उजवी घालत असेल तर गावानं काय समजायचं? वहाणेला चिकटलेला खडा काचेखाली गेला तर चरा पडतो म्हणून तो अनवाणी होता, आणि बोललं की मोजणी चुकते म्हणून गप्प होता, हे त्यानं विचारणाऱ्याला सांगितलंही असतं. पण विचारलं कोणी नाही. अनुष्ठानाला बसलेल्या माणसाशी बोलू नये एवढी रीत गावाला ठाऊक होती.

पुढं कार्तिकात घासकाम संपून काचेला झिलई द्यायचं काम निघालं. त्यासाठी कानिफनं पुण्याहून आणलेली लाल पूड काचेवर टाकली. ती दिसायला थेट कुंकू. मग कोणाच्याच मनात शंका उरली नाही. शेजारची लंकाबाई दुसऱ्याच दिवशी नारळ घेऊन आली, कानिफ चहाला आत गेलेला बघून तिनं हात जोडले, आणि पिंपाच्या कडेवर नारळ हाणला. करवंटीची कपची काचेवरून सरकत गेली आणि नारळाच्या पाण्यानं सगळं लाल लाल झालं.

कानिफ बाहेर आला, त्यानं एकदा काच बघितली. तो माजघरात गेला, पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून बाहेर आला आणि त्यानं तो अख्खा काचेवर ओतला. टँकर चार दिवसांनी यायचा होता.

आता गंमत अशी की भीमाबाईची सून रतन आजवर आतून पिंपाच्या बाजूची होती. काचेखालून गळणारा काळा चिखल तांब्या-पितळेला लावला की भांडी आरशासारखी निघतात हा शोध तिला लागला होता, आणि गल्लीतल्या बायका वाटीत चिखल मागून नेऊ लागल्यापासून तिचा मान वाढला होता. हंडा ओतला गेला त्या क्षणी ती पिंपाच्या विरुद्ध गेली. तिचा नवरा बन्सी मात्र पहिल्या दिवसापासून पिंपावर डूख धरून होता, कारण त्याला सोसायटीचा चेअरमन व्हायचं होतं आणि अर्ध्या चड्डीतला चुलता अंगणात फिरताना दिसणं त्याच्या फायद्याचं नव्हतं. नारळ फुटला, मागोमाग आणखी बायका आल्या, पुरुष फाटकाशी टोपी काढून उभे राहू लागले, तसा बन्सी पिंपाच्या बाजूला आला. असे एका नारळानं नवरा-बायको जागा बदलून बसले.

घरचे कर्ते, भीमाबाईचे मालक सहादेव आबा दोन्ही बाजूंना होते. म्हणजे कोणी काही विचारलं की ते जनावरं बघायला जात. जनावरं चारा-छावणीत होती, लांब. गोठा रिकामा होता. आबा रिकाम्या गोठ्यात जाऊन बसत.

राहिली भीमाबाई. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा कानिफ शेंबडा होता. सासू लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊ घालणं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढणं, तापात उशाशी बसणं सगळं हिच्याकडंच आलं. चौथी झाल्यावर तो नगरला बोर्डिंगात गेला, तिथून पुण्याला, आणि मग उभा जन्म दिवाळीला दोन दिवस पाहुण्यासारखा येत राहिला. निवृत्त होऊन दोन ट्रंका घेऊन तो परत आला तेव्हा तिनं कोणाला न दाखवता देवापुढं साखर ठेवली. पोरगं घरी आलं होतं. ते साठीचं होतं ही गोष्ट वेगळी.

त्याच्या नावामागं डॉक्टर होतं, पण तो काचेचा डॉक्टर होता. हे गावाच्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. तोवर तो लोकांचे ताप बघत होता, कारण थर्मामीटर गावात त्याच्याकडंच होता. आल्या आल्या त्यानं गावाला शहाणं करायला घेतलं. शाळेच्या पटांगणात पाऊस मोजायचं भांडं बसवलं. पहिल्या वर्षी त्यात थोडंसं पाणी साचलं, दुसऱ्या वर्षी चिमण्यांनी घर केलं, आणि ग्रामपंचायतीत अशी सूचना आली की भांडं फार लहान बसवल्यामुळेच पाऊस कमी पडतोय, तरी मोठं बसवावं. मग त्यानं गोठ्यात शाळा भरवून पोरांना विहिरीच्या पाण्याचा थेंब भिंगाखाली दाखवला. आतली वळवळ बघून पोरं घरोघर गेली आणि त्या दिवशी गावात कोणी पाणी पिईना. पुढं विहीरच आटली आणि तो प्रश्न मिटला. एवढं होऊनही भीमाबाईला त्याचा राग येत नसे. दुसऱ्याच्या पोरानं हे केलं असतं तर तिनं त्याला वेशीपर्यंत पोचवलं असतं.

मार्गशीर्ष लागला. करवंटीचा चरा काढायला कानिफला सगळं घासकाम पुन्हा करावं लागलं होतं, तेही आता उरकलं. काचेवर चांदी चढवायला साखर लागते हे कळल्यावर रतननं रेशनची साखर कुलपात घातली. भीमाबाईनं किल्ली दिली. धान्याच्या जुन्या कोठीच्या पत्र्याची लांब नळी झाली, आरसा नळीच्या बुडाशी बसला, नळी लाकडी घोडीवर चढली. त्या दुपारी भीमाबाई ओसरीवर रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसली होती आणि बन्सी चुलत्यासमोर उकिडवा बसून अंदाज घेत होता.

"तात्या, समाप्ती शनवारी धरलीय," तो म्हणाला. "लोक कामावरनं सुटून येतील."

"कशाची समाप्ती?"

"फेऱ्यांची."

"फेऱ्या परवाच संपल्या. आरसा झाला."

"त्येच ते. गूळ-शेंगदाने वाटू, आरती करू, लोक आपापल्या घरी जातील."

"आरती कशाची?"

"पिंपाची."

कानिफनं पिंपाकडं बघितलं. त्याला कोणीतरी शेंदूर लावला होता. "पिंप आता मोकळं आहे," तो म्हणाला. "पाहिजे तर ने. पाण्याला होईल."

"तात्या, म्हैन्यावर सोसायटीची निवडनूक आलीय."

"मग मी काय करू?"

"काय करू नका. मी त्येच सांगतोय. तुमी फकस्त बोलू नका."

"नाही बोलत. कोणी विचारलं तर मात्र सांगेन."

बन्सीला यात काही धोका दिसला नाही. इतके महिने कोणी विचारलं नव्हतं, ते नेमकं शनिवारी कशाला विचारतील? तो समाधानानं उठला आणि गूळ बघायला राहात्याला गेला.

भीमाबाईनं सूप पाखडलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आनि त्या नळीतनं तू बघनार काय?"

"शनी."

तिचे हात सुपातच राहिले. बन्सीच्या आधी तिला दोन मुलं झाली होती. पहिला पाळण्यात गेला. दुसरी भिंतीला धरून चालायला लागली होती, ती एका आठवड्याच्या तापात गेली. दोन्ही खेपेला जाणत्यांनी सांगितलं ते एकच, शनीची नजर. तेव्हापासून दर शनिवारी ती मारुतीच्या पारावरल्या काळ्या दगडाला तेल घालत आली, बाजूनं उभी राहून, मान खाली घालून, कारण त्याच्या समोर उभं राहायचं नसतं. पुढं बन्सी जगला, आणि तेल कामी आलं असं घरात ठरलं.

"दुसरं कायबी बघ की," ती म्हणाली. "चांद हाय."

"चंद्र काय, कोणालाही दिसतो वहिनी."

"मंग त्योच बरा."

कानिफ हसला नाही. तो तिच्यासमोर ओसरीच्या कडेला बसला, आणि लहानपणी काही हवं असलं की बसायचा तसे त्यानं पाय लोंबते सोडले. "तीस वर्षं मी सरकारसाठी काचा घासल्या," तो म्हणाला. "तोफेवर बसवायच्या. समोरचा माणूस नीट दिसावा म्हणून. काच तपासायची, पेटीत घालायची, सही करायची. त्यातली एकही काच डोळ्याला लावून मी माझ्या मनाचं काही बघितलं नाही. ही पहिली. मी बघणार आणि गावातल्या पोरांना दाखवणार."

"आनि हितं न्हाई म्हनले तर?"

"तर पुण्याला घेऊन जाईन. एका मित्राची गच्ची आहे. मीही तिकडेच राहीन मग, तुम्हाला त्रास नको." बाजारातून काय आणू, असं विचारावं तितक्या शांतपणे तो हे बोलला.

भीमाबाईला तो गेलेला नको होता. आणि शनीला डिवचलेलंही नको होतं. या दोन गोष्टी एका सुपात बसणाऱ्या नव्हत्या, म्हणून ती पुन्हा मिलो निवडू लागली आणि निवडलेले खडे तिनं चुकून परत मिलोत टाकले.

शनिवारी दिवस कलल्यावर माणसं आली. सगळा दिवस खडी फोडून आलेली, भुवया पांढऱ्या झालेली, काहींच्या हातात अजून हातोड्या. एरवी ही मंडळी कानिफला बघून म्हणत की तात्यापण आमच्यावानी खडीच फोडतो, फक्त त्याला मजुरी न्हाई. आज कोणी चेष्टा केली नाही. पिंपाला झेंडूची माळ होती. शेजारी घोडीवर नळी उभी होती आणि तिच्यावर भीमाबाईचं जुनं लुगडं पांघरलेलं होतं. त्यामुळे तीही काहीतरी देवाचंच असावं असं दिसत होतं.

आरती झाली. कानिफ बाजूला हात बांधून उभा होता, बोलत नव्हता. बन्सी खुशीत होता. गूळ-शेंगदाणे वाटून होत आले तेवढ्यात लंकाबाई पुढं झाली, वाकून म्हणाली, "तात्या, आता पाऊस कवा?"

"पावसाळ्यात," कानिफ म्हणाला.

लोकांना उत्तर फार खोल वाटलं. दोघातिघांनी मान डोलावली. तिथंच सगळं थांबतं तर बरं झालं असतं, पण आबांचा चुलत भाऊ गोरक्षनाथ पुढच्या रांगेत होता. तो शनिवार पाळणारा, दर अवसेला शिंगणापूर गाठणारा, देवाधर्मात बारीक नजर असलेला माणूस. त्यानं नळीकडं बोट केलं. "आनि ह्ये काय?"

"दुर्बीण."

"कशाला?"

"शनी बघायला."

बन्सीनं डोळे मिटले. शेंगदाणे चावायचे आवाज बंद झाले.

"शनी," गोरक्षनाथ म्हणाला. "आज शनवारी."

"वाराचा संबंध नाही. सध्या तो दिवस मावळला की पूर्वेला उगवतो, म्हणून सोयीचा."

"तात्या, शनी वृषभेत बसलाय. बैलाच्या राशीत. बैल म्हून तर मरायलेत समद्यांचे. आनि तुमी त्याच्या डोळ्याला डोळा लावनार?"

"त्याला डोळे नाहीत."

"तुमाला काय ठावं?"

"मी काल बघितला."

अंगणात कोणीतरी "आई गं" म्हणालं. गोरक्षनाथ दोन पावलं मागं सरला. "काल?" तो म्हणाला. "काल सांजच्याला माझा बैल गेला."

कानिफला खरंच वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. पण शिकवायची खोड जात नाही. "परवा कोणाचा गेला?" त्यानं विचारलं.

"माझा," लंकाबाई म्हणाली.

"मग बघा. परवा मी शनी पाहिला नव्हता. परवा ढग होते."

आपण मुद्दा जिंकला असं कानिफला वाटलं. मग मागून एक बाप्या हळूच म्हणाला, "व्हय की. परवा ढग हुते. लई दिसांनी आल्ते." दुसरा म्हणाला, "आनि काल ह्यांनी नळी लावली तर ढग न्हाईत." तिसऱ्यानं काही म्हणायची गरज राहिली नाही. आख्खं अंगण आभाळाकडं बघत होतं. ते स्वच्छ होतं.

त्यानंतर जे झालं ते भीमाबाईनं ओसरीवरच्या खांबाला धरून बघितलं. बन्सी म्हणाला, "मला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई. आमची न् तात्यांची वाटनी कवाच झालीय." रतन दारातून ओरडली की आमचा पिण्याचा हंडा ओतला होता ह्यांनी, आमी तवाच सांगत हुतो. लंकाबाई म्हणाली, माझा नारळ गेला. आबांनी पागोटं सारखं केलं आणि ते जनावरं बघायला गेले. कोणी म्हणालं काच फोडा, कोणी म्हणालं फोडू नका, तुकडे तितके शनी होतील, विहिरीत टाका.

"विहिरीत नको," कानिफ म्हणाला. "गाळ काढायला माणसं उतरतात. पायाला लागेल कोणाच्या. मी उद्याच्या एसटीनं घेऊन जातो." आणि त्यानं लुगडं ओढून बाजूला ठेवलं, घोडीचे बोल्ट सोडायला घेतले.

पहिला बोल्ट सुटला, दुसऱ्यावर त्याची बोटं नुसती चाचपडत राहिली. नगरला जायच्या सकाळी धोतराच्या फडक्यात पाटी आणि दोन सदरे बांधताना त्याला गाठ मारता येईना तेव्हा ती अशीच चाचपडत होती, आणि गाठ भीमाबाईनं मारून दिली होती. नंतर किती तरी दिवस तिला वाटायचं, आपण गाठ मारली नसती तर पोरगं राहिलं असतं. आज पुन्हा तो जाणार, आणि या खेपेला दिवाळीलाही यायचा नाही. ती खांब सोडून अंगणात उतरली.

"थांब," ती म्हणाली. "सोडू नको त्ये. पयलं मला दाव."

"वहिनी, खुळ्या का काय तुमी!" गोरक्षनाथ आडवा झाला. "बघनाराला साडेसाती लागंल."

"साडेसात वर्सं जगवायची हमी देतो का त्यो? देत असंल तर लागू दे."

"आई, घरावर यील," बन्सी म्हणाला.

"घरावर यायचं काय राह्यलंय? गोठा रिकामा, हिरीत खडक. आनि वाटनी झालीय म्हनून आत्ता तूच सांगितलंस ना गावाला? मंग माझ्या वाटनीचं मी बघते. सर तिकडं."

बोलणं मोठं होतं, पण ती सकाळीच पारावर तेल घालून आली होती, आणि घालताना मनातल्या मनात म्हणाली होती, लेकरू हाय, माफ कर. कानिफनं स्टूल आणून दिलं. पूर्वेला चिंचेच्या शेंड्यावर पिवळसर, न लुकलुकणारी एक चांदणी वर आली होती. त्यानं नळी तिकडं वळवली, बाजूच्या लहान काचेतून पाहिलं, आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी हळूच धरून जागेवर नेलं. ती न्हाऊ घालताना त्याचं धरायची तसंच.

आधी तिला स्वतःच्याच पापण्यांचे केस दिसले. मग काळोख. मग काळोखातून काहीतरी सर्रकन गेलं.

"पळाला," ती म्हणाली. अंगण एक पाऊल मागं हटलं.

"पळत नाही. पुन्हा बघा." कानिफनं नळी नखभर सरकवली.

आणि मग तो आला. हळदीचं बोट टेकवावं एवढासा, पिवळा, स्थिर. भोवती एक कडं. कडं त्याला कुठंच टेकलेलं नव्हतं, आणि तरी पडत नव्हतं. तिनं आधी त्याचं तोंड शोधलं. मग डोळे शोधले. कडेकडेनं शोधले, मधोमध शोधले. तिला घाई नव्हती. ज्याच्यासाठी आयुष्यभर बाजूनं उभी राहिली त्याच्या पुढ्यात ती आज पहिल्यांदा आली होती.

"वहिनी," गोरक्षनाथाचा आवाज आला. "काय दिसतंय?"

"त्यो हाय."

"करतोय काय?"

"कायबी न्हाई. भवतीनं कडं हाय. मधी त्यो."

"बघतोय का आपल्याकडं?"

तिनं आणखी एकदा नीट पाहिलं. "न्हाई."

"मंग तोंड तिकडं फिरवलं आसंल."

"तोंडच न्हाई त्याला भावजी. त्याचं आपल्याकडं ध्यान न्हाई. कुनाकडंच न्हाई."

हातोड्या घेतलेले लोक त्या खाली ठेवू लागले. मग गोरक्षनाथ बोलला, आणि त्याचा आवाज देवाधर्मातल्या माणसाचा राहिला नव्हता. "मंग माझा बैल कुनी न्हेला?"

"उपाशी हुता तुमचा बैल," भीमाबाई काचेवरचा डोळा न काढता म्हणाली. "मी बघत हुते की रोज येता-जाता. छावनीत धाडला आसता तर जगता, पर तुमाला त्यो डोळ्याआड नको हुता. त्यात तुमची चूक न्हाई. लई गुनाचा हुता बैल."

गोरक्षनाथानं टोपी काढली आणि तिच्यात तोंड घातलं. लंकाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचाही बैल गेला होता.

बैलाचं बोलून झालं तसं भीमाबाईला पाळण्यातला आठवला. भिंत धरून चालणारी आठवली, तिच्या पायातल्या वाळ्यांसकट. यानं नेलं नव्हतं त्यांना. हा तिथं एवढ्या लांब, कडं घालून, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असाच बसून होता, आणि खाली ती तेल घालत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शनीचे दोन झाले. तिनं पदरानं डोळा पुसून पुन्हा लावला. इतक्या वर्षांत त्या दोघांसाठी ती उघड्यावर रडली नव्हती, कारण नजर लागून गेलेल्यांसाठी रडलं की नजर परत येते असं तिला सांगितलं होतं. आता ती रडत होती आणि बघत होती.

"वहिनी, दिसतंय ना?" कानिफनं खालच्या आवाजात विचारलं.

"दिसत हुतं. सारखं हलवू नको."

"मी नाही हलवत. पृथ्वी हलते."

"मंग तिला सांग."

तो नळी नखानखानं सरकवत राहिला. तोवर लंकाबाई येऊन तिच्या मागं उभी राहिली होती, तिच्या मागं गोरक्षनाथ टोपी हातात घेऊन, त्याच्या मागं आणखी कोणी. रतन पदर खोचून आली आणि आपण घरच्या म्हणून मधेच घुसली. बन्सीनं हे पाहिलं, एकवार घसा साफ केला, आणि पुढं होऊन तो रांग लावू लागला. "एकेक, एकेक. आमचे तात्या समद्यांना दावनार हायत. ढकलाढकली नको." गोठ्यातून सहादेव आबा बाहेर आले, काय ठरलं ते कोणाला न विचारता रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

"कानिफ," भीमाबाई म्हणाली.

"हां."

"उद्याच्याला कुटं जायचं न्हाई. ह्यो उद्या परत येतो का ते बघायचंय मला."

"येतो वहिनी. रोज येतो."

"तू ऱ्हा. मी बघते."

सोडलेला बोल्ट कानिफनं परत पिळायला घेतला, आणि बराच वेळ पिळत राहिला.

चार दिवसांचा चंद्र मावळतीला उतरला होता. रांग फाटकाबाहेर गेली होती आणि मागची माणसं पुढच्यांना विचारत होती की म्हातारी अजून काय करतेय. शेवटी बन्सी जवळ आला, तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "आई, सर की आता. लोक थांबल्यात."

"थांबू दे," ती म्हणाली. "त्यो माझ्याकडं बघतोय म्हनून जलमभर मान खाली घालून हिंडले मी. आज जरा मला बघू दे."

बन्सीनं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी नळी नखभर सरकवली. मग बन्सी मागं वळला आणि त्यानं रांगेला खाली बसायला सांगितलं.